एचआयव्हीचे उपचार सुरू करणं आणि सुरू ठेवणं: रुग्णाला नेमकी कशी मदत करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एचआयव्ही क्लिनिकमध्ये तुम्ही समुपदेशक म्हणून नुकतेच रुजू झालात. तपासणीत पॉझिटिव्ह आलेली काही माणसं औषध सुरू करायला राजी होत नाहीत. काही सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांत यायची बंद होतात. तुम्ही आजाराची सगळी माहिती देता, गोळ्या चुकवल्या तर काय होईल तेही सांगता, तरी फरक पडत नाही. आणखी काय सांगायला हवं?

आणखी काही सांगू नका, असंच मी म्हणेन. ‘चार दिवस गोळी घेतली नाही’ हे वाक्य समोरच्याला तुमच्यापाशी न घाबरता बोलता येतंय का, ते आधी पाहा. ज्याला हे बोलता येत नाही तो सुरुवातीला ‘रोज घेतो’ म्हणतो. पुढे रिपोर्ट बिघडतो, मग बोलणी खावी लागतील म्हणून तो तारीख टाळतो, आणि तारीख टळली की घरातल्या गोळ्या संपतात. एचआयव्हीच्या ओपीडीत इतकी वर्षं बसून माझं ठाम मत झालंय की बऱ्याच जणांचं आधी क्लिनिक सुटतं आणि मग औषध. त्यांना माहिती कमी पडलेली नसते. व्हायरस, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या), रेझिस्टन्स (व्हायरस औषधाला दाद देईनासा होणं) हे सगळं त्यांनी तुमच्याकडूनच ऐकलेलं असतं आणि पाठही असतं.

पहिल्या दिवसापासून सुरुवात करू, कारण बरंचसं तिथेच ठरतं.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे हे कळल्यावरच्या अर्ध्या तासात माणूस फारसं काही ऐकण्याच्या स्थितीत नसतो. तुम्ही बोलत असता आणि त्याच्या डोक्यात बायको, नवरा, मूल, नोकरी, आई असं काहीतरी फिरत असतं. म्हणून त्या दिवशी मी तीनच गोष्टी सांगते. हा आजार औषधाने काबूत राहतो. रोज औषध घेणारा माणूस जवळपास इतरांइतकंच आयुष्य जगतो. आणि औषधाने रक्तातला व्हायरस सापडेनासा झाला, तसाच राहिला, की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. एवढं सांगून मी थांबते आणि विचारते, “आत्ता सगळ्यात जास्त कशाची काळजी वाटतेय?” जे उत्तर येईल तोच त्या दिवशीच्या बोलण्याचा विषय. कोणी म्हणतं, घरी कळलं तर बाहेर काढतील. कोणी विचारतं, लहान बाळाला माझ्या ताटातलं भरवलं, आता काय? या दुसऱ्या प्रश्नाला ‘ताटातून, स्पर्शातून, पाप्यातून लागत नाही’ हे उत्तर लगेच आणि स्पष्ट मिळालं, की माणूस पुन्हा श्वास घेतो. त्यानंतर औषधाची गोष्ट त्याच्या कानात शिरते.

तिसरी गोष्ट पहिल्याच दिवशी सांगण्याबद्दल काही सहकारी कुरकुर करतात. लोक बेफिकीर होतील, असं त्यांना वाटतं. मला हे पटत नाही. ‘मी आता कोणाला तरी देणारा माणूस झालो’ ही भावना औषध सुरू करण्याच्या आड जितकी येते तितकं दुसरं काहीच येत नाही. शिवाय याच्यामागे भक्कम पुरावा आहे. एक जोडीदार पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह अशा १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एचपीटीएन ०५२ या चाचणीने लवकर औषध दिल्यास संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी होतो, असं २०११ मध्ये दाखवलं. पुढे युरोपातल्या पार्टनर अभ्यासात व्हायरस दबलेल्या माणसांचे हजारो कंडोमविना संबंध नोंदवले गेले. त्यांत पॉझिटिव्ह जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग सापडला नाही, स्त्री-पुरुष जोडप्यांत नाही आणि पुरुष-पुरुष जोडप्यांतही नाही. हे सांगताना दोन गोष्टी मात्र जोडा. इतर गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणा यांपासून गोळी वाचवत नाही. आणि अंगावर पाजताना बाळाचा धोका औषधाने खूप कमी होतो, पण अगदी शून्य होतो असं म्हणता येत नाही, त्यामुळे पाजण्याचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्यायचा.

आता ‘मी तर ठणठणीत आहे, मला गोळ्या कशाला’ असं म्हणणाऱ्याबद्दल. त्याच्या बोलण्याला कारण आहे. एके काळी आपणच लोकांना थांबवायचो. सीडी-४ दोनशेच्या खाली गेल्यावर औषध, मग साडेतीनशे, मग पाचशे अशी मर्यादा वर सरकत गेली. २०१५ मध्ये स्टार्ट या चाचणीचे निकाल आले. ३५ देशांतले ४,६८५ लोक, सगळ्यांचे सीडी-४ पाचशेच्या वर. ज्यांनी लगेच औषध सुरू केलं त्यांच्यात गंभीर आजार आणि मृत्यू यांचं प्रमाण थांबलेल्यांपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी होतं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सीडी-४ कितीही असो, सगळ्यांना औषध द्या असं सांगितलं. पण जुन्या काळाच्या आठवणी घराघरांत शिल्लक आहेत. ‘काकाने औषध सुरू केलं आणि महिन्यात गेला’ असं कोणी सांगितलं तर वाद घालू नका. काकाला औषध मिळालं तेव्हा शरीर पार खचलेलं होतं. तुम्ही आज सुरू करताय ते तशी वेळ येऊ नये म्हणून, एवढं शांतपणे सांगा.

२०१७ पासूनची शिफारस अशी आहे की निदान झाल्यापासून सात दिवसांच्या आत औषध सुरू व्हावं, आणि जो तयार आहे त्याला त्याच दिवशी द्यावं. याचा अर्थ आज गोळ्या हातात दिल्याशिवाय सोडायचं नाही, असा कोणी घेऊ नये. दबावाखाली घेतलेल्या गोळ्या वाटेतल्या कचरापेटीत जातात. “आज नको” म्हणणाऱ्याला मी विचारते, “काय झालं म्हणजे तुम्हाला सुरू करावंसं वाटेल?” उत्तर बहुतेक वेळा अगदी साधं असतं: बहिणीशी बोलायचंय, दुसरीकडे तपासणी करून खात्री करायचीय, परीक्षा संपू दे. मग दोन-तीन दिवसांनी फोन करायचं ठरवते आणि त्या दिवशी तो करते. ‘तयारी झाली की या’ असं सांगून मोकळं सोडलं तर माणूस हरवतोच.

त्याच दिवशी औषध देताना एका गोष्टीत घाई चालत नाही, आणि ती समुपदेशकालाही ठाऊक हवी, कारण बोलता बोलता लक्षणं तुम्हालाच आधी कळतात. खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम येणं यांपैकी काहीही असेल तर टीबीची तपासणी. न थांबणारी डोकेदुखी, मान आखडणं, उलट्या, बोलण्यात गोंधळ असेल तर डॉक्टरांना लगेच बोलवा. मेंदूच्या आवरणाचा टीबी किंवा क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेनिंजायटिस असताना एचआयव्हीचं औषध आधीच सुरू केलं तर जिवावर बेतू शकतं. तिथे आधी त्या आजाराचा उपचार आणि साधारण चार ते सहा आठवड्यांनी, टीबी असेल तर कधी आठ आठवड्यांपर्यंत थांबून, हे औषध. सीडी-४ शंभरच्या खाली असेल तर लक्षणं नसली तरी क्रिप्टोकॉकसची रक्तचाचणी करायलाच हवी, दोनशेपर्यंत असेल तरी केलेली बरी. फुप्फुसाचा टीबी असेल तर मात्र इतकं थांबायचं नाही. टीबीच्या गोळ्या सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत एचआयव्हीचं औषधही सुरू करतात.

फार उशिरा आलेल्यांना आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. प्रतिकारशक्ती परत येऊ लागली की अंगात दबून बसलेला संसर्ग कधी कधी उफाळून येतो. पहिल्या काही आठवड्यांत ताप येतो, गाठी सुजतात. हे आधी सांगितलेलं नसेल तर रुग्ण म्हणतो, “या गोळ्यांनीच मी आजारी पडलो,” आणि गोळ्या बंद करतो. सांगितलेलं असेल तर तोच माणूस फोन करतो, “तुम्ही म्हणाला होतात तसं झालंय, येऊ का?”

औषध सुरू झालं. आता गोळ्या घ्यायच्या राहून जाण्याबद्दल, कारण खरं काम इथे आहे.

“गोळ्या वेळेवर घेता ना?” हा प्रश्न टाकून द्या. याला ‘हो’शिवाय दुसरं उत्तर देणं समोरच्याला जड जातं. मी असं विचारते: “रोजची गोळी म्हटली की बहुतेकांच्या मधूनअधून राहतात. गेल्या आठवड्यात तुमच्या किती राहिल्या?” राहतातच, हे मीच आधी म्हणून टाकलेलं असतं, त्यामुळे समोरच्याला कबुली दिल्यासारखं वाटत नाही. आकडा आला की त्यावर काहीही शेरा मारायचा नाही. पुढचा प्रश्न: “शेवटची राहिली तो दिवस आठवतो? कुठे होतात, काय चाललं होतं?” एका बाईंशी झालेलं बोलणं सांगते.

“रविवारची राहिली.”

“रविवारी काय होतं?”

“काही नाही, सगळे घरीच होते.”

“गोळी कुठे असते?”

“कपाटात, साड्यांच्या खाली. कपाट त्या खोलीत आहे जिथे सगळे टीव्ही बघतात.”

“मग रोज कशी काढता?”

“रोज सगळे बाहेर गेले की. डबी वाजते ना.”

बाईंना विस्मरण नव्हतं, आळस नव्हता, औषधाचं महत्त्व तर त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. अडचण होती ती वाजणाऱ्या डबीची आणि रविवारची. डबीत कापसाचा बोळा घातला की ती वाजत नाही, हे त्यांना दाखवलं. रात्रीची वेळ बदलून सकाळी अंघोळीच्या आधीची केली. दोन दिवसांच्या गोळ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायचं ठरलं. रेझिस्टन्सवर व्याख्यान दिलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि पुढचा रविवार पुन्हा कोरडा गेला असता. (गोळ्या मूळ डबीतून काढून दुसरीकडे ठेवणाऱ्यांना एक सूचना द्या: ओलसर हवेने गोळ्या खराब होतात, म्हणून थोड्याच काढायच्या आणि ओलावा शोषणारी पुडी मूळ डबीतच राहू द्यायची.)

असे प्रश्न विचारत गेलात की तुमच्या लक्षात येईल, माणसागणिक कारण वेगळं असलं तरी काही समजुती पुन्हा पुन्हा भेटतात, आणि त्यातल्या काही आपणच पसरवलेल्या आहेत. ‘ठरलेल्या मिनिटाला गोळी घ्यायची’ असं आपण वर्षानुवर्षं बजावलं. परिणाम असा की तास-दोन तास उशीर झाला तर ‘आता वेळ गेली’ म्हणून लोक तो डोसच सोडून देतात. सांगा, आठवली की घ्या. पुढच्या डोसची वेळ अगदी जवळ आली असेल तर राहू द्या आणि पुढचा नेहमीसारखा घ्या, दोन एकदम घेऊ नका. दारू प्यायल्यावर गोळी चालत नाही म्हणून पिण्याच्या दिवशी ती सोडणारे पुष्कळ आहेत. त्यांना स्पष्ट सांगा की त्या दिवशीही घ्यायची. दारू कमी करण्याबद्दल जरूर बोला, पण वेगळं बोला. दोन्ही विषय एकत्र केलेत तर माणूस दारूही लपवतो आणि चुकलेल्या गोळ्याही.

तिसरी समजूत: ‘रिपोर्ट चांगला आला, आता थोडे दिवस शरीराला आराम देतो.’ हे म्हणणारे मन लावून औषध घेणारेच असतात, म्हणून मला त्यांची जास्त काळजी वाटते. व्हायरस काही पेशींमध्ये निद्रिस्त होऊन लपून बसतो, तिथे औषध पोहोचून उपयोग नसतो, आणि गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांतच परत दिसू लागतो. ठरवून विश्रांती द्यावी का, याचा मोठा अभ्यास झालेला आहे. स्मार्ट नावाच्या त्या चाचणीत ५,४७२ लोक होते. निकाल २००६ मध्ये आले: सीडी-४ बघून औषध थांबवणाऱ्यांमध्ये आजार आणि मृत्यू जास्त झाले, त्यात हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे आजारही होते. हिपॅटायटिस बी असलेल्यांनी तर डॉक्टरांना न विचारता एचआयव्हीचं औषध कधीच थांबवू नये. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन या औषधांनी तोही आजार दबलेला असतो आणि ती एकदम बंद केली की यकृताला जबर सूज येऊ शकते.

दुष्परिणामांविषयी ‘काही त्रास?’ असं मोघम विचारलंत तर ‘नाही’ येतं. नाव घेऊन विचारा: झोप लागते का, स्वप्नं पडतात का, मळमळ, डोकेदुखी, मन उदास, वजन वाढलं का, लैंगिक इच्छा कमी झाली का. एफाव्हिरेन्झ या जुन्या औषधावर असलेल्यांना गरगरणं आणि भयंकर स्वप्नं यांचा त्रास व्हायचा आणि ते कोणाला न सांगता गोळी सोडायचे. आता बहुतेक ठिकाणी डॉल्युटेग्रॅव्हिर हे मुख्य औषध आहे, ते पुष्कळ सुसह्य आहे. त्याने झोप उडत असेल तर रात्रीऐवजी सकाळी घ्यायला सांगितलं की सहसा भागतं. वजन वाढण्याची तक्रार मात्र हलक्यात घेऊ नका, खास करून तरुण स्त्रियांची. ‘तब्येत सुधारली’ म्हणून हसण्यावारी नेलेल्या तक्रारीनंतर गोळ्या सुटलेल्या मी पाहिल्यात. अंगभर पुरळ आणि सोबत ताप, तोंडात फोड, डोळे पिवळे, धाप लागणं यांपैकी काही असेल तर फोनवर धीर देत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे पाठवा. अबाकाव्हिरची ॲलर्जी आलेल्याला ते औषध पुन्हा कधीही द्यायचं नसतं, म्हणून ती नोंद फाइलच्या पहिल्या पानावर हवी.

आणि कधी कधी माणूस शंभर टक्के खरं बोलत असतो. एक गर्भवती बाई होत्या, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, उतरत नव्हता. एकही गोळी चुकवली नाही असं त्या दर भेटीत सांगत होत्या आणि दर भेटीत त्यांना नव्याने समुपदेशनाला पाठवलं जात होतं. एकदा म्हटलं, पिशवीतली सगळी औषधं टेबलावर काढा. डॉल्युटेग्रॅव्हिरच्या डबीशेजारी लोहाच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि छातीत जळजळतं म्हणून आणलेली ॲसिडिटीच्या औषधाची बाटली. विसरायला नको म्हणून सगळं एकदम, सकाळी उपाशीपोटी. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम या धातूंशी डॉल्युटेग्रॅव्हिर पोटातच बांधलं जातं आणि रक्तात फारच थोडं पोहोचतं. उपाय सोपा आहे. डॉल्युटेग्रॅव्हिर या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं. लोह किंवा कॅल्शियम जेवणासोबत घेतलं तर एकत्रही चालतं, मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या ॲसिडिटीच्या औषधाला ही सवलत नाही. गर्भारपणात तर हे फार महत्त्वाचं, कारण काहीच उपचार नसेल तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं आणि बाळंतपणापर्यंत व्हायरस नीट दबलेला असेल तर ते एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतं.

म्हणून पिशवी रिकामी करायला लावणं हा माझ्या दृष्टीने समुपदेशनाचाच भाग आहे. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डॉल्युटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा लागतं. फिटच्या काही औषधांनी, म्हणजे कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांनी त्याचा असर कमी होतो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण उलट वाढतं, त्याचा डोस डॉक्टरांनी पाहायला हवा. ताकदीच्या पावडरी आणि जडीबुटीचे काढे लोक आपणहून सांगत नाहीत. रागावणार नाही अशी खात्री वाटली तरच सांगतात.

व्हायरल लोडचा रिपोर्ट हा परीक्षेचा निकाल असल्यासारखा वाचून दाखवू नका. सुरुवातीनंतर सहा महिन्यांनी, मग बाराव्या महिन्याला, मग वर्षातून एकदा, हे सर्वसाधारण वेळापत्रक. हजाराच्या वर आला तर सहसा तीन महिने नीट मदत करून पुन्हा करतात आणि मग औषध बदलायचं का ते ठरतं. ५० ते १,००० मध्ये असेल तरी दुर्लक्ष नको, तिथेही हीच विचारपूस आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. डॉल्युटेग्रॅव्हिर घेणाऱ्यांत बहुतेक वेळा औषध पोटात गेलेलं नसतं किंवा शोषलं गेलेलं नसतं. त्याला व्हायरस दाद देईनासा होणं कमी वेळा घडतं, पण घडतं. चांगला रिपोर्ट आला तर तो कागद रुग्णाच्या हातात द्या आणि याचा अर्थ तुम्ही मला सांगा, असं म्हणा. “म्हणजे माझ्यापासून तिला धोका नाही,” हे त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं, आपण दहादा सांगितल्यापेक्षा जास्त टिकतं.

घरच्यांपैकी कोणाला तरी सोबत आणा, नाहीतर औषध सुरू करत नाही, अशी अट काही ठिकाणी घातली जाते. मी तिच्या स्पष्ट विरोधात आहे. विश्वासातलं एक माणूस असेल तर फायदा होतो, यात शंका नाही. पण कोणाला सांगायचं, कधी सांगायचं हे रुग्णाने ठरवायचं. मारहाण होईल अशी भीती असलेल्या बाईला नवऱ्याला घेऊन यायला लावणं हे तिला धोक्यात ढकलणं आहे. तिला एकटीला गाठून आधी विचारा, घरी सुरक्षित वाटतं का. आणि ज्याला कोणीच नाही, त्याला स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्या माणसाशी भेट घालून द्या. त्या दोघांच्या पंधरा मिनिटांत जे घडतं ते माझ्या तासाभरात घडत नाही.

उदासीनता सारखी शोधत राहा. गेल्या दोन आठवड्यांत मन खिन्न होतं का, कशातच रस वाटेनासा झालाय का, हे दोन प्रश्न प्रत्येकाला विचारावेत. ज्याला उद्याचा दिवसच नको वाटतो त्याच्याकडून रोजच्या गोळीची अपेक्षा धरण्याआधी त्या दुःखावर उपचार व्हायला हवेत, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारायला कचरू नका.

मुलांबाबत थोडंच लिहिते. ‘ही ताकदीची गोळी आहे’ हे सांगून सहा-सात वर्षांपर्यंत निभावतं. त्यापुढे मुलाला वयाला झेपेल तसं, टप्प्याटप्प्याने खरं सांगायला सुरुवात करावी. शाळेत जाणाऱ्या मुलांना त्यांच्या आजाराबद्दल कळायला हवं, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०११ मध्ये सांगितलंय. पंधराव्या वर्षी दुसऱ्याच कोणाकडून कळलं की मुलं आईबापांवर रागावतात आणि तो राग गोळ्यांवर निघतो.

क्लिनिकची बाजूही पाहा, तिथे तुमचं किती चालतं ते मला ठाऊक नाही, पण आवाज तरी उठवा. ज्याचं व्यवस्थित चाललंय त्याला दर महिन्याला कामावर दांडी मारून रांगेत उभं करण्यात काही अर्थ नाही. स्थिर रुग्णांना तीन ते सहा महिन्यांच्या, जमल्यास सहाच्या, गोळ्या एकदम द्याव्यात अशीच शिफारस आहे. वाचलेला वेळ नव्याने आलेल्यांना आणि अडखळलेल्यांना देता येतो. दर दोन महिन्यांनी घ्यायचं कॅबोटेग्रॅव्हिर आणि रिल्पिव्हिरिनचं इंजेक्शन हाही आता पर्याय आहे. गोळी लपवून ठेवणं ज्यांना अशक्य आहे त्यांना ते खरंच मोकळं करतं. मात्र हिपॅटायटिस बी असलेल्यांना ते चालत नाही. शिवाय तारीख चुकली तर औषधाचा उतरता अंश बराच काळ अंगात राहतो आणि व्हायरसला त्याची सवय होऊ शकते. त्यामुळे येणं तिथेही टळत नाही.

आता, न येणाऱ्यांना परत आणणं. याची तयारी पहिल्या भेटीतच करायची असते. “तारखेला आला नाहीत तर मी फोन करू का? कोणत्या नंबरवर? दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगू?” हे तिन्ही प्रश्न विचारून उत्तरं फाइलमध्ये लिहून ठेवा. ठरल्यापेक्षा एक शब्दही जास्त बोलायचा नाही, क्लिनिकचं नाव तर नाहीच. एका निष्काळजी फोनने माणूस कायमचा तुटतो. फोन लागला की “का आला नाहीत?” ऐवजी “बरे आहात ना? बरेच दिवसांत दिसला नाहीत म्हणून फोन केला,” इतकंच. काही जण गाव बदलून दुसरीकडे औषध घेत असल्याचं कळतं, काहींच्या निधनाची बातमी मिळते. नोंद त्याप्रमाणे बदला.

जो परत येतो त्याच्याशी तुमच्या क्लिनिकमधला पहिला माणूस काय बोलतो, याकडे बारीक लक्ष ठेवा. तो पहिला माणूस बहुधा तुम्ही नसता. तो नोंदणीच्या खिडकीवर असतो. तिथे “इतके महिने कुठे होतात?” ऐकायला मिळालं तर तुमच्यापर्यंत कोणी पोहोचणारच नाही. “आलात ते बरं केलंत” हे चार शब्द खिडकीवरच्यांना, शिपायाला, औषध देणाऱ्याला, सगळ्यांना शिकवा. शिक्षा म्हणून समुपदेशनाच्या तीन फेऱ्या पूर्ण केल्याशिवाय औषध नाही, असले नियम असतील तर ते काढून टाकायला लावा. वजन, टीबीची लक्षणं, डोकेदुखीची विचारपूस, सीडी-४, गर्भधारणा आहे का, हे पाहून डॉक्टरांना धोक्याचं काही दिसलं नाही तर औषध त्याच दिवशी पुन्हा सुरू व्हावं. कित्येक महिने गोळ्या नव्हत्या तर त्या दिवशीचा व्हायरल लोड जास्तच येणार, त्यावरून औषध निकामी झालं असं ठरवायचं नाही. तीन महिने औषध पोटात गेल्यावर केलेली तपासणी खरी.

तुमच्याकडे न आलेल्यांची लांबलचक यादी असेल आणि फोन करायला तुम्ही एकटेच असाल, तर क्रम असा लावा. गर्भवती आणि पाजणाऱ्या बायका सगळ्यात आधी. मग ज्यांचा सीडी-४ दोनशेच्या खाली होता आणि ज्यांचे टीबीचे उपचार चालू होते ते. मग गेल्या तीन महिन्यांत औषध सुरू केलेले, कारण गळती तिथेच सर्वाधिक असते. मग हिपॅटायटिस बी असलेले आणि लहान मुलं. बाकीचे त्यानंतर, पण तारीख चुकल्यापासून आठवड्याच्या आत. घरात थोड्याफार गोळ्या शिल्लक असतात तोवर माणूस फोनवर सहज बोलतो, संपून महिना उलटला की तो अनोळखी नंबर उचलेनासा होतो.